कोरानखालीच्या होड्या

गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही. इथे नाव दिसते ती नवेगावबांधसारख्या तलावात, ढिवरांच्या हाती. तरीही गाझाची नाकेबंदी मोडायला निघालेल्या जहाजांची बातमी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या काही गावांना परकी वाटू नये. अरुणनगर, गौरनगर, संजयनगर ही पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं. घरात बांगला, बाजारात मराठी आणि बांधीत जिल्ह्याचाच धान.

अशीच निर्वासित कुटुंबं, बहुतेक नामशूद्र, 1978 साली रायपूरजवळच्या माना छावणीतून आणि दंडकारण्यातल्या वसाहतींतून सुंदरबनाकडे निघाली. मरीचझापी बेटावर त्यांनी शाळा, दवाखाना, पावाची भट्टी उभी केली. ही राखीव जंगलाची जमीन आहे, असं पश्चिम बंगाल सरकारचं म्हणणं. जानेवारी 1979 च्या अखेरीस ज्योती बसूंच्या त्या सरकारने जमावबंदीचं 144 कलम लावलं आणि पोलिसांच्या लाँचेस बेटाभोवती फिरू लागल्या. धान्य, औषधं, पिण्याचं पाणी, सगळं अडलं. कोरानखाली नदीच्या पलीकडे कुमिरमारी गाव. तिथे पाणीही होतं, तांदूळही. बायका होड्या वल्हवत निघाल्या. लाँचेसनी धडक देऊन त्या होड्या बुडवल्या, असं बचावलेल्या लोकांनी सांगितलं आहे. पाणी, अन्न आणि औषधं अडवू नयेत, असा आदेश कलकत्ता उच्च न्यायालयाने दिला. तरी वेढ्याचा फास सुटला नाही, हेही तेच लोक सांगतात.

या होड्यांमध्ये आणि भूमध्य समुद्रातल्या जहाजांमध्ये एक नातं आहे.

ऑगस्ट 2008 मध्ये सायप्रसहून निघालेल्या दोन छोट्या बोटी गाझाला खरोखरच पोचल्या. त्यांच्यावर कर्णबधिर मुलांसाठी श्रवणयंत्रं होती. 31 मे 2010 च्या पहाटे गाझाकडे निघालेल्या ताफ्यातल्या ‘मावी मारमारा’ जहाजावर इस्रायली कमांडो उतरले. नऊ जण मारले गेले. जखमी झालेला दहावा चार वर्षांनी दगावला. जून 2025 मध्ये गाझाकडे निघालेल्या ‘मॅडलीन’ बोटीवर हवामान कार्यकर्ती ग्रेटा थुनबर्गसह बारा जण होते. त्यांच्याजवळ तांदूळ, पीठ, बाळांच्या दुधाची पावडर होती. बोट अडवली गेली, माणसांना मायदेशी धाडण्यात आलं.

एवढ्याशा धान्याने कुणाचं पोट भरणार, हा आक्षेप नेहमी येतो. वजनाच्या हिशेबात तो बरोबर आहे. पण नाकेबंदी टिकते, कारण ती दिसत नाही. नाक्यावर रांगेत उभा असलेला ट्रक, न मिळालेला परवाना, पुढे ढकललेली तारीख. यात कुणाचाच हात दिसत नाही. बोट आली की कुणाला तरी हुकूम द्यावा लागतो, कुणाला तरी दुधाची पावडर उघड्यावर अडवावी लागते. बोटीचं खरं काम ते आहे आणि ते मोठं काम आहे.

सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही. शस्त्रं येतात का, हे बघण्याचा हक्क युद्धाचा कायदा देतो. ‘मावी मारमारा’ प्रकरणी संयुक्त राष्ट्रांच्या पामर समितीने 2011 मध्ये गाझाची सागरी नाकेबंदी कायदेशीर ठरवली आणि बळाचा वापर मात्र अवाजवी म्हटला. मानवाधिकार परिषदेच्या पथकाने त्याआधीच नाकेबंदीही बेकायदा ठरवली होती. वाद चालू राहील. पण सागरी युद्धाच्या 1994 च्या सान रेमो नियमावलीत एक गोष्ट स्पष्ट आहे: लोकांची उपासमार हाच हेतू असलेली नाकेबंदी निषिद्ध आहे आणि अन्न अपुरं पडलं तर तपासणी करून ते जाऊ द्यावंच लागतं. कलकत्त्याच्या न्यायालयाने वेगळं काय सांगितलं होतं?

फरक पडतो तो बोटीत कोण बसलंय याने. ‘मावी मारमारा’नंतर जगभर गदारोळ झाला. तीन आठवड्यांच्या आत इस्रायलने जमिनीवरून जाणाऱ्या मालावरचे निर्बंध सैल केले, इजिप्तने रफाहचं दार उघडलं. त्या ताफ्यातल्या जहाजांवर अनेक देशांचे पासपोर्ट होते, पत्रकार होते, खासदार होते. कोरानखालीतल्या बायकांजवळ निर्वासितांचे कागद होते. मे 1979 मध्ये मरीचझापी रिकामं करण्यात आलं आणि लोकांना परत दंडकारण्याकडे धाडण्यात आलं. मृतांचा सरकारी आकडा दोन. इतर अंदाज शेकड्यांत, काही त्याहूनही वर. त्या वेढ्यासाठी एकाही अधिकाऱ्यावर खटला चालला नाही.