तो बोल्ट कुठे होता?

फोन खाली ठेव. तो व्हिडिओ मी तीनदा पाहिला, चौथ्यांदा पाहायची इच्छा नाही. "सर, ४५ अंश कलली होती, तरी उलटली नाही!" हे तू ज्या सुरात सांगतोस ना, त्या सुरात लोक लॉटरी लागल्याचं सांगतात. पहिली गोष्ट, ४५ नव्हते. तुझाच व्हिडिओ मधे थांबवला, मागची क्षितिजरेषा धरली आणि डोलकाठीला कोनमापक लावला. ३४ भरले. कललेल्या होडीत बसलेल्याला २० अंश ४० वाटतात, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वहीत असेल, उघडून बघ. आणि ३४ हेही काही भूषण नव्हे.

बर्कलीहून निघालास दुपारी दोनला. जुलै महिन्यात. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी इतकी वर्षं राहतोस, मग दुपारी इथे काय होतं हे तुला मी सांगायचं? आत सेंट्रल व्हॅली भट्टीसारखी तापते, बाहेर पॅसिफिक गारठलेला, आणि मधल्या डोंगरांना गोल्डन गेटचं ते एवढं मोठं भगदाड. सगळा वारा त्यातून घुसतो आणि पाण्यावरून सुसाट बर्कलीच्या अंगावर येतो. उन्हाळ्यात दुपारनंतर २० ते २५ नॉट ही त्याची रोजची हजेरी. एंजल आयलंडच्या आडोशाला तो पडल्यासारखा वाटला, तर तुम्ही काय केलंत? पुढचं लहान शीड, जिब, उतरवून मोठी जेनोआ चढवलीत! वारा पडला नव्हता रे, बेटाने अडवला होता. आडोसा संपल्यावर तो होता तिथेच तुमची वाट पाहत उभा होता.

"सर, वारा थोडासाच वाढला." थोडासा! शिडावरचा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. १२ नॉटचे १७ झाले की दाब दुप्पट, २४ झाले की चौपट. दिवसभर कॉम्प्युटरसमोर आकडे हाकणाऱ्या माणसाला वर्ग करता येत नाही?

आता बोटीबद्दल. कॅटलिना २२. फ्रँक बटलरने काढलेली, १५ हजारांहून जास्त संख्येने बांधली गेलेली, गरीब स्वभावाची होडी. पण ती ट्रेलरवर चढावी म्हणून केलेली आहे हे विसरू नकोस. वजन जेमतेम टनभर, रुंदी आठ फुटांच्या आत. तिची कील, म्हणजे तळाखाली उतरणारं तोलाचं पातं, ओतीव लोखंडाची, सुमारे २५० किलोची, बिजागरीवर फिरणारी. वर घेतली की दोन फूट पाण्यात चालते, खाली सोडली की पाच फूट लागतं. रस्त्यावरून ओढता यावी म्हणून हलकी केलेली होडी वाऱ्यातही हलकीच राहणार. पहिले १५ अंश ती पटकन कलते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पुढे मात्र लोखंड आपला हिस्सा उचलू लागतं, आणि शीडही आडवं होत जातं तसं वाऱ्याच्या तावडीतून थोडं सुटतं. म्हणून ती तुला ३४ वर तोलून धरू शकली. त्यात तुझा काय पराक्रम?

आणि वेगाचं म्हणतोस तर ऐक. २० अंशांच्या पुढे तुझी बोट धावत नव्हती, घसटत होती. जितकी कलली तितकी कील तिरकी, तितकी ती बाजूला वाहवणार. शिडाचा जोर अंगाबाहेर गेला की बोट वाऱ्याकडे तोंड वळवू बघते. ते रोखायला तू टिलर, सुकाणूचा दांडा, दोन्ही हातांनी पोटाशी ओढून बसला होतास, म्हणजे सुकाणूचा ब्रेक लावून गाडी चालवत होतास. शेवटी सुकाणूचं पातं अर्धं पाण्याबाहेर आलं आणि ती गर्रकन वाऱ्याकडे फिरून उभी राहिली. "आपोआप सावरली" म्हणे! ती तुझ्या हातून सुटली, म्हणून सावरली.

मेनशीट, म्हणजे मुख्य शिडाची दोरी, क्लीटमध्ये घट्ट अडकवलेली होती. दिसली मला. वाऱ्याचा झोत आला की ती हाताने सोडायची असते, एवढं तर पोरंही जाणतात. तुझी बायको खालच्या बाजूला पाण्याला पाठ लावून बसलेली. तिला वरच्या काठावर बसव म्हणून सांगायला तोंड नव्हतं? का ते व्हिडिओसाठी हसत होतं? केबिनच्या दाराच्या फळ्या काढून ठेवलेल्या, कॉकपिटच्या लॉकरची झाकणं कडीविना. काठावरून पाणी आत आलं असतं तर ते विचारत बसलं नसतं, सरळ झाकणाखालून पोटात शिरलं असतं. आणि पाण्याने भरलेल्या होडीला कोणतीही कील उभी करत नाही. इथलं पाणी जुलैतही १५ अंशांच्या आसपास असतं. अशा पाण्यात हाताची बोटं आखडायला फार वेळ लागत नाही.

पण हे सगळं मी गिळलं असतं. काल ट्रेलरवर तुझी बोट बघायला गेलो नसतो तर.

कील खाली सोडल्यावर ती जागेवर आवळणारा बोल्ट कुठे होता? सांग ना. मी सांगतो. स्टोव्हशेजारच्या खणात, चमच्यांबरोबर. केबलवर भरवसा ठेवून फिरलास. ती केबल कील वर ओढायला आहे, खाली दाबून धरायला नाही. ३४ अंशांत लोखंड स्वतःच्या वजनाने खालीच राहतं, म्हणून तुला काही कळलं नाही. डोलकाठी पाण्यात बुडून बोट उताणी व्हायला लागली असती, तर तेच २५० किलो तिला सावरायच्या ऐवजी मिटलेल्या चाकूसारखे खाचेत परत आले असते. आमच्याकडे मालवणला रिकाम्या मचव्याच्या तळाशी दगड भरत, त्याला नीरम म्हणत. ते एकमेकांत घट्ट बसवल्याशिवाय तांडेल शीड उभारू देत नसे. कारण जागचं हलतं ते नीरम नव्हे, ते वैरी.

"किती कलली तर चालते, सर?" हा प्रश्न तू मला तीन महिन्यांत दहादा विचारलास. बोल्ट आवळलाय का, हे स्वतःला एकदाही विचारलं नाहीस. तुला आकडा हवा होता, म्हणजे त्याच्या अलीकडे डोळे मिटून बसता येईल. १५ ते २० अंशांत ती सुखाने चालते. त्याच्या पुढे गेली की ती शीड जास्त झालंय एवढंच सांगत असते, आणि ते कमी करणं तुझं काम. रीफ घ्यावा का, म्हणजे शीड आखडून लहान करावं का, असं मनात आलं की घ्यायचा. धक्क्यावर असताना आलं तर धक्क्यावरच.

शनिवारी सकाळी आठला ये. बोट पाण्यात घालायची नाही. ट्रेलरवरच शीड उभं करायचं, रीफ घ्यायचा, सोडायचा, परत घ्यायचा. वीस वेळा. मी घड्याळ लावून बसेन. बायकोलाही आण, तिच्याकडूनही करून घेऊ, कारण तू पाण्यात पडलास तर ते तिलाच करायचं आहे. आणि येताना तो बोल्ट चमच्यांतून काढून खिशात घालून आण. आधी तो आवळून दाखव, मग शिडाला हात लाव.