बर्कलीचे कोमट पाणी
जड वस्तूला मनाबाहेर स्वतंत्र अस्तित्व नाही, असे तत्त्वज्ञ बर्कलीचा चिद्वाद म्हणतो. त्याचा युक्तिवाद असा : गार आणि गरम हात एकाच कोमट पाण्यात बुडवले, तर एकाला ते ऊन लागते, दुसऱ्याला थंड. उष्णता जाणिवेतली, हे त्याच्याआधीचा तत्त्वज्ञ जॉन लॉक यालाही मान्य होते. आकार मात्र तो वस्तूचाच मानी. जॉर्ज बर्कलीने १७१० मध्ये ही सवलतही काढून घेतली : जवळून मोठा दिसणारा मनोरा दुरून इवलासा दिसतो, मग आकार तरी वस्तूचा कसा? मग कोणी पाहत नसताना टेबल टिकते ते, त्याच्या मते, ईश्वराच्या जाणिवेत. इथे बर्कलीतल्या तत्त्वज्ञाच्या मदतीला त्याच्यातलाच धर्मोपदेशक धावून येतो. इंग्रज लेखक डॉ. सॅम्युअल जॉन्सनने दगडाला लाथ मारून केलेले बर्कलीचे खंडन फुकट गेले, कारण ठेच हीदेखील जाणीवच. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्ये प्रश्नच फिरवला : अवकाश आणि काल या जाणणाऱ्याच्याच चौकटी, त्यांच्यापलीकडची वस्तू अज्ञेय.