एका पायावर

भिंतीपाशी अनवाणी उभे राहा. हात सैल सोडा. दोन-चार श्वास नुसते येऊ द्या, जाऊ द्या. मग उजवा पाय जमिनीपासून चार बोटं उचला, जास्त नको. तोल गेला तर भिंत आहेच.

लक्ष डाव्या तळव्याकडे न्या. अंगठा फरशी धरून ठेवू पाहतोय. घोट्यापाशी शिरा ताणल्या जातात, ढिल्या पडतात, पुन्हा ताणल्या जातात. शरीर क्षणभरही सावरायचं थांबत नाही. थरथर दाबायला जाऊ नका. तिच्याकडे बघत राहा.

आता डाव्या खुब्याच्या बाहेरच्या अंगाला बोटं टेकवा. तिथे एक स्नायू घट्ट झालेला लागेल. उजवीकडची कंबर खाली कलू नये म्हणून तो डावीकडून तिला धरून आहे. उचललेला पाय उजवा, राबणारा खुबा डावा. हे मला दरवेळी नवलाचं वाटतं. हा स्नायू सांध्याच्या अगदी जवळून ओढतो, म्हणून त्याला जोर फार लावावा लागतो. तराजूची एक दांडी आखूड असली की त्या पारड्यात जास्त वजन टाकावं लागतं, तसं. त्यामुळे एका पायावर नुसतं उभं राहिलं तरी खुब्याच्या सांध्यावर अंगच्या वजनाच्या दुपटीहून अधिक दाब येतो. आणि हे काही क्वचित होत नाही. चालताना दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असतात ते जेमतेम 20 टक्के वेळ. उरलेलं सगळं चालणं एका पायावरचं आहे.

पाय बदला. घाई नको.

दोन्ही पाय सारखे नाहीत, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. बैठका काढताना हा फरक लपतो, कारण भक्कम पाय दुसऱ्याचं थोडं ओझं गुपचूप स्वतःवर घेतो. वर्षानुवर्षं घेतो. एकेका पायाने पायरी चढलात की हिशेब उघडा पडतो. म्हणून या व्यायामाचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. सुरुवात कमजोर बाजूने करायची, आणि तिला जितकं जमेल तितकंच दुसरीने करायचं. डाव्या पायाने सहा वेळा पायरी चढून उतरता आली, तर उजव्यानेही सहाच. त्याच्यात दहांची ताकद असेल. तरी त्याने थांबायचं. उतरताना मनात चार अंक मोजा. गुडघा आत वळू पाहील, त्याला पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. टाच जमिनीला लागताना आवाज होऊ नये.

आता हात. अर्धी बादली पाणी उजव्या हातात घ्या आणि ताठ चालत घरात एक फेरी मारा. कडी बोटांत रुतेल, तिचा वळ उठेल. पण मन तिथे अडकू देऊ नका, ते डाव्या कुशीत न्या. ओझं धरलेल्या बाजूला अंग झुकू नये म्हणून ती कूस दोरीसारखी ताणली गेली आहे. बादली खाली ठेवा. कूस सैल होताना जाणवते का, पाहा. मग हात बदला.

माझं डावं मनगट मोडलं तेव्हा सहा आठवडे प्लास्टर होतं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी रोज उजव्या हाताने रबरी चेंडू दाबायला सांगितला. धडधाकट हाताला व्यायाम कशाला, मला कळेना. नंतर वाचलं, की 1894 साली येल विद्यापीठात ई. डब्ल्यू. स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी हेच नोंदवून ठेवलं होतं: सराव एका हाताने केला, ताकद दुसऱ्याचीही वाढली. वाट स्नायूंतून जात नाही, मज्जासंस्थेतून जाते. तेव्हापासून रोज संध्याकाळी गॅलरीत बसून मी मन लावून चेंडू दाबला. प्लास्टर कापलं तेव्हा आतून काडीसारखं, पांढुरकं, सालं निघालेलं मनगट बाहेर आलं. त्या हाताने मी पाण्याचा पेला धरला. हात कापत होता, पण पेला सुटला नाही.

पुन्हा भिंतीपाशी या. दोन्ही पायांवर उभे राहा, भार कुठे जास्त पडतोय ते शोधा. डोळे मिटा, हवं तर. पण भिंतीला हात लावूनच.

आणि एक करा. घरात कोणी गुडघा किंवा खुबा दुखतो म्हणून काठी घेऊन चालत असेल, तर काठी कोणत्या हातात आहे ते आजच बघा. बरेच जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. ती दुसऱ्या हातात हवी. दुखरा पाय आणि काठी बरोबर पुढे टाकायची, मग खुब्यावरचा ताण खरोखर हलका होतो. आजीला, वडिलांना हे हात धरून शिकवा, आणि अंगणात चार फेऱ्या त्यांच्याबरोबर चाला.