ओढ्याने नेले, म्हणून गेले काय?

सज्जनहो, पैठणाहून नाथांची पालखी आषाढी वारीला निघते, ती पाटोदा, दिघोळ करीत खर्ड्यास येते आणि परांड्यावरून पंढरीची वाट धरते. वारीची वाट कोणतीही असो, जेवणे उरकली की पत्रावळी जवळच्या कोरड्या ओढ्यात टाकायच्या, ही आपली जुनी खोड. आम्हीही टाकल्या आहेत. कोणी हटकले तर उत्तर ठरलेले : "अहो, पानेच ती! पाऊस आला की ओढा नेईल."

पान ओढ्यात पडणे हे काही पाप नव्हे. फाल्गुन-चैत्रात झाडे पाने गाळतात. तो पाचोळा कोरड्या पात्रात साचून राहतो. पहिले पाणी शिरले की त्याचा अर्क काढ्यासारखा उतरतो. पाणी संथ असले तर पाने दगडांच्या कपारीत अडकतात, त्यांवर बुरशी धरते, किडे ती कुरतडतात आणि त्या किड्यांवर मासे जगतात. झाडाने टाकलेले असे कोणाच्या तरी मुखी लागते.

पण लोंढा आला की हा सावकाश चाललेला संसार मोडतो. महिनोन्‌महिने साठलेले काही तासांत, न कुजताच खाली जाते आणि पुढे पाणी थबकेल त्या बंधाऱ्यात, त्या डोहात बसते. ढीग फार झाला तर कुजताना पाण्यातला प्राणवायू सरतो, मासे तडफडून मरतात. पान तेच, पाण्याची गती आणि पानांचे माप बदलले, तसे अन्नाचे विष झाले. झाड एकेक पान टाकते. आपण हजारो पत्रावळी, उष्ट्यासकट, एका रात्रीत आणि नेमक्या पुराच्या तोंडावर टाकतो. प्लास्टिकच्या द्रोणांची तर गोष्टच नको. ते कुजतही नाहीत.

कोणी म्हणेल, "खर्ड्याची घाण चंद्रभागेला तर लागत नाही ना?" खरेच, लागत नाही. इकडचे ओढे सीनेला मिळतात आणि सीना भीमेला मिळते ती पंढरपूरच्या पुष्कळ खाली, कुडलच्या संगमावर. पण म्हणून आपण सुटलो का? वाटेत भेटेल त्या वारकऱ्याच्या आपण पाया पडतो, कारण त्याच्यात विठ्ठल पाहतो. मग सीनाकाठी गुरांना पाणी पाजणारा तो कोण? तो दिसत नाही, एवढ्यावरून त्याच्यातला विठ्ठल उणा होत नाही.

म्हणून यंदा शेतकऱ्याला विचारून बांधाकडेला खड्डा घ्यावा, पानाच्या पत्रावळी त्यात पुराव्या. त्याला खत होईल. ओढ्याने नेले ते आपल्या डोळ्यांआड गेले इतकेच. आपल्या पदरचे कर्म काही वाहून गेले नाही.

रामकृष्ण हरि.