ज्याला जाता येत नाही

गुलमंडीच्या शेजारी मछली खडक नावाचा भाग आहे. नावात मासळी असली तरी तेथे खरेदीला जाणारा माणूस पिशवीत मासे घेऊन परतत नाही. मुंबईचा समुद्र येथून रस्त्याने ३०० किलोमीटरांहून अधिक दूर. अशा कोरड्या मुलखात बसून खाऱ्या पाण्यातील माशाची गोष्ट कशाला काढता, असे वाचक विचारतील. आणि तेही दिवाळीत, चकलीचा तुकडा मोडत काहीतरी हलकेफुलके वाचावे अशी घरातल्या सर्वांची इच्छा असताना! परंतु प्रश्न माशावरून निघाला म्हणून तो माशांपुरताच राहतो असे नाही. मला तरी तो आपल्या घराचा, शाळेचा आणि दुकानाचा वाटतो.

मासा म्हणजे करंगळीहून थोडा लांब असा एक जीव. अंग निळसर, आणि तोंडापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा. रॅस नावाच्या मोठ्या कुळातला हा धाकटा. इंग्रज त्याला क्लीनर रॅस म्हणतात, आपण सफाईवाला म्हणू. आपल्या लक्षद्वीपपासून पार ऑस्ट्रेलियापर्यंतच्या प्रवाळ खडकांवर तो राहतो. खडकातली एक ठरावीक जागा हे त्याचे दुकान. तेथे मोठमोठे मासे येऊन स्वस्थ उभे राहतात, कल्ले उघडतात, जबडा वासतात. आणि हा इवलासा जीव त्यांच्या दातांमधून फिरून अंगावरचे परजीवी किडे टिपून खातो. अलेक्झांड्रा ग्रटर या संशोधक बाईंनी १९९६ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा एक सफाईवाला दिवसाला सुमारे १२०० किडे खातो असे आढळले. गिऱ्हाइकाचे अंग हलके होते, याचे पोट भरते. हा सौदा पाहून कोणाही शिक्षकाला परोपकारावर धडा लिहावासा वाटेल.

पण धडा लिहिण्याआधी थोडे थांबावे. या माशाला किड्यांपेक्षा गिऱ्हाइकाच्या अंगावरचा बुळबुळीत थर अधिक आवडतो. तो थर गिऱ्हाइकाच्या संरक्षणाचा आहे. म्हणजे किडा खाणे ही सेवा आणि थर ओरबाडणे ही चोरी. आणि मन ओढ घेते ते चोरीकडे! असे असूनही तो बहुतेक वेळ प्रामाणिकपणे वागतो. का वागतो, हे शोधण्यात ग्रटरबाई आणि रेडुआन ब्शारी यांच्यासारख्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे पाण्याखाली घालवली आहेत.

त्यांना जे दिसले ते गुलमंडीवरच्या कोणत्याही जुन्या दुकानदाराला नवे वाटणार नाही. लांबलांब फिरणाऱ्या माशाला अनेक सफाईवाले ठाऊक असतात. त्याला चिमटा बसला की तो तडक निघून दुसऱ्याकडे जातो. म्हणून सफाईवाला त्याची सेवा आधी करतो. ज्याचा वावर एवढ्याशा खडकापुरता, ज्याला दुसरे दुकान नाही, तो मात्र ताटकळत राहतो. आपल्या बाजारातही परगावच्या गिऱ्हाइकापुढे गादीवर पटापट थान उलगडले जातात, आणि उधारीच्या वहीत नाव असलेला शेजारी ‘बसा हो, तुम्ही घरचेच’ हे ऐकत अर्धा तास बसून असतो. सफाईवाला शिकारी माशाला तर सहसा चावतच नाही; तेथे चुकीची किंमत फार मोठी. २००६ साली ग्रटर आणि ब्शारी यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. दुसरे मासे बघत असले म्हणजे सफाईवाला अधिक सचोटीने वागतो, आणि बघणारे मासेही त्याचे वर्तन पाहूनच जवळ जायचे की नाही ते ठरवतात. अब्रूची चाड पाण्याखालीही आहे म्हणायची!

आता हाच मासा उचलून काचेच्या पेटीत ठेवू या.

१९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा समुद्रातला मासा काचेआड पाहायचा तर मरीन ड्राइव्हलाच जावे लागे, आणि समुद्र समोरच होता. आता हौशी माणूस छत्रपती संभाजीनगरातल्या दिवाणखान्यातही समुद्र मांडतो. आमच्या गल्लीतील एका गृहस्थांनी तो मांडला आहे. २०० लिटर शुद्ध केलेले पाणी, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने सात किलो समुद्री मीठ, पाणी फिरवणारे पंप, आणि एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशीपलीकडे गेला तरी आत २५-२६ अंश राखण्याची खटपट. मासे सोडण्यापूर्वी महिना-दीड महिना नुसते पाणी सांभाळावे लागते. माशांच्या मळातून निघणारा विषारी अमोनिया पचवणारे सूक्ष्म जीव तोवर खडकांवर वाढतात. ज्या शहराला नळाच्या पाण्याची वाट पाहण्याची जुनी सवय आहे, तेथे ही चिकाटी कौतुकाचीच म्हणायची. त्या पेटीत पाच-सहा निरनिराळ्या जातींचे मासे एकत्र नांदत होते. त्यांत कोणी विक्रेत्याने ‘हा बाकीच्यांना साफ ठेवील’ असे सांगून एक सफाईवाला दिला.

आठ-दहा दिवस मोठे सुखाचे गेले. मग किडे संपले. पाच-सहा माशांच्या अंगावर किडे असून असणार किती? समुद्रात दिवसभर गिऱ्हाइकांची रीघ असलेला हा कारागीर येथे रिकामा आणि उपाशी. तो त्याच त्या माशांच्या मागे लागला आणि त्यांचा थर ओरबाडू लागला. एक पिवळा मासा दिवसचे दिवस दगडाआड तोंड घालून राहू लागला. ओरबाडणारा मात्र धष्टपुष्ट होण्याऐवजी खंगत चालला. या जातीचे बहुतेक मासे घरगुती पेट्यांत असेच उपासमारीने जातात.

त्या गृहस्थांची मुलगी आठवीला आहे. तिने मला विचारले, “सर, तो आला तेव्हा चांगला होता. आता वाईट झाला का?”

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो म्हणून लोक मला मनाचे जाणकार समजतात एवढेच. पण हा प्रश्न मला मोठमोठ्या नीतिग्रंथांच्या तोडीचा वाटला. मासा तोच, भूक तीच, आवडही तीच. बदलले काय? तर त्रास झालेल्या माशाला निघून जाता येत होते, ते आता येत नाही. आणि सफाईवाल्यालाही दुसरे गिऱ्हाईक शोधायला जाता येत नाही. समुद्रात जी सचोटी दिसत होती तिचा बराच भाग माशाच्या पोटात नव्हता. तो त्या उघड्या पाण्यात होता.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे नीती ही केवळ धाकाची गोष्ट झाली! गिऱ्हाईक जाईल म्हणून दुकानदार गोड, चारचौघे बघतात म्हणून आपण सभ्य. माणसाच्या बाबतीतही हे पुष्कळसे खरे आहे, आणि त्यात लाज वाटण्याजोगे मला काही दिसत नाही. बाजारात उघडे दार असावे, दहा दुकाने असावीत, लोकांनी बघावे. साध्यासुध्या माणसाला सरळ ठेवण्याचे हे बरे उपाय आहेत.

पण नीतीचा हिशेब येथे संपत नाही. मला वाटते तो येथे सुरू होतो. माशाची सचोटी दार बंद झाले की ढासळते, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. माणसाची सचोटी तपासायची तर ती बंद दारामागेच तपासावी लागेल. परगावच्या गिऱ्हाइकाशी आपण कसे बोलतो यावरून फारसे काही कळत नाही. ज्याला आपल्याला सोडून जाता येत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, हे खरे.

आणि अशी माणसे आपल्याभोवती किती असतात! माझ्या वर्गातल्या साठ मुलांना घंटा होईपर्यंत उठून जाता येत नाही. माझा तास कंटाळवाणा झाला तरी ती बिचारी दुसऱ्या मास्तरांच्या दुकानात जाऊ शकत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या आत्याबाईंना दुसरे घर नाही. फराळाची भांडी घासणाऱ्या बाईंना महिन्याचा पगार आगाऊ दिलेला असतो, म्हणून ‘येत नाही मी उद्यापासून’ हे वाक्य त्यांच्या ओठांवर येऊन थांबते. सासरी नवी आलेली सून आहे; हट्टाला पेटले तरी संध्याकाळी आपल्याच दारी परतणारे लेकरू आहे. यांच्यापैकी कोणाचाही थर आपण ओरबाडला तर तो दगडाआड तोंड घालील, दुसरे काही करू शकणार नाही. शिवाय ओरबाडणारा तरी कोठे सुखी असतो? पुष्कळदा तोही कोठल्या तरी पेटीत उपाशी असतो.

म्हणून मला सर्वांत मोठा जबाबदार वाटतो तो पेटी मांडणारा. भिंत ज्याने घातली, त्याने उघड्या पाण्याचे काम स्वतःच्या अंगावर घेतले. समुद्र जे आपोआप करीत होता, भुकेल्याला गिऱ्हाईक आणि त्रासलेल्याला वाट देत होता, ते आता त्याने हाताने करायचे. ते जमणार नसेल तर तो मासा पेटीत आणू नये. आणि माझ्या मते सफाईवाला शक्यतो समुद्रातच राहू द्यावा. ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड बेटापाशी काही खडकांवरून हे मासे साडेआठ वर्षे दूर ठेवले, तेव्हा तेथील इतर माशांची संख्या आणि जातीही कमी झाल्या. एक इवला कारागीर उचलला की मागे सारी आळी उदास होते.

आमच्या गृहस्थांनी मात्र तो आणला होता, आणि आणल्यावर जबाबदारी झटकली नाही. त्यांनी पेटीत दगड वाढवून आडोसे केले. कोळंबीचा बारीक कीस दिवसातून पाच वेळा, चिमूट चिमूट घालू लागले. पहिले काही दिवस सफाईवाल्याने त्याला तोंड लावले नाही. मग एके दिवशी लावले. पिवळा मासा अधूनमधून बाहेर येऊ लागला आहे. यंदा दिवाळीला सारे घर गावी जायचे ठरले आहे, फक्त आजोबा मागे राहणार आहेत. त्यांना फराळाचा डबा शेजारून जाईल, आणि माशांना पाच वेळचा कीस त्यांच्या हातून.