अजून न पडलेले पान

ज्याच्या हातात प्रत्यक्ष काहीच नाही, त्याची बाजू पुष्कळ काही बाळगणाऱ्या प्रतिपक्षाहून वरचढ असू शकते, हे विधान व्यवहारी माणसाला वेडगळ वाटेल. परंतु एकमेकांची तोंडेही न पाहिलेली माणसे संगणकाच्या पडद्यावर जो नो-लिमिट होल्डेम पोकर खेळतात, त्यात हा प्रसंग नित्याचा आहे. (आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून असे ऑनलाइन खेळ चालविण्यास मनाई केली, ही गोष्ट वेगळी.) समजा, एकाजवळ बदामाचा गुलाम व बदामाची दश्शी आहे, फ्लॉपला, म्हणजे दोघांना सामाईक अशा पहिल्या तीन पानांत, बदामाची नव्वी, किलवरची अठ्ठी आणि बदामाची दुर्री उघडली आहे, आणि समोरचा दोन काळे राजे धरून बसला आहे. या घटकेला निवाडा मागितला तर गुलामवाल्याची फिर्याद पहिल्याच तारखेला खारीज होईल. पण अजून दोन पाने यावयाची आहेत. बदामाची उरलेली नऊ पाने त्याचा फ्लश (एकाच चिन्हाची पाच पाने) पुरा करतात, आणि बदाम वगळता तीन राण्या व तीन सत्त्या स्ट्रेट (ओळीची पाच पाने) पुरा करतात. त्याने न पाहिलेल्या ४७ पानांत अशी १५ पाने असल्यामुळे त्यांपैकी एक तरी पडण्याचा संभव सुमारे ५४ टक्के येतो. अर्ध्यावर मोडलेल्या डावातील रकमेची वाटणी कशी करावी, या प्रश्नावर १६५४ साली पास्कल आणि फेर्मा यांनी जो पत्रव्यवहार केला, त्याचा निष्कर्षही हाच होता की, वाटा झालेल्या गोष्टींवरून नव्हे, तर अजून काय काय होऊ शकते यावरून ठरवावा.

मग तो फ्लश आहे की नाही? कार्य हे कारणात आधीपासूनच असते, तिळात तेल असते तसे, असे सांख्य म्हणतात. उत्पत्तीपूर्वी कार्याचा निव्वळ प्रागभावच असतो, असे नैयायिक म्हणतात. गंमत अशी की, या खेळाच्या यंत्रणेतही दोन्ही मते नांदू शकतात. सगळा कॅट आरंभीच पिसून ठेवला, तर शेवटचे पान प्रारब्धासारखे केव्हाच लिहिले गेलेले असते. प्रत्येक पान त्याच्या वेळी यदृच्छेने निवडले, तर ते अद्याप जन्मालाच आलेले नसते. पण या दोहोंपैकी कोणतीही तजवीज असली तरी खेळणाऱ्याच्या ५४ टक्क्यांत केसभरही फरक पडत नाही. दैव की पुरुषार्थ या वादावर आपल्याकडे जे अमाप लिहिले गेले, त्यातले बरेचसे या एका गोष्टीपुढे मला निरुपयोगी वाटते. कारण विधिलिखित अस्तित्वात असो वा नसो, ज्याला ते वाचता येत नाही त्याचे कर्तव्य दोन्ही पक्षी तेच राहते.

हे कर्तव्य मात्र वाट पाहण्याचे नसते. पॉटमध्ये (डावात जमलेल्या रकमेत) १००० आहेत, दोघांजवळ १५००-१५०० उरले आहेत, आणि आपला ड्रॉ (अजून पुरा व्हायचा असलेला हात) साधा, म्हणजे ३५ टक्के संभवाचा आहे, असे धरा. सर्वस्व लावले आणि प्रतिपक्षाने ते स्वीकारले तर सरासरीने १०० गमावले जातात. पण दहापैकी चार वेळा त्याने पाने टाकून दिली, तर एकूण हिशेब सरासरी ३४० च्या नफ्याचा होतो. डेव्हिड स्क्लान्स्की याने ज्याला सेमी-ब्लफ असे नाव दिले तो हाच डाव. ५४ टक्क्यांचा ड्रॉ असेल तर डाव स्वीकारला गेला तरीही सरासरी ६६० पदरात पडतात. राजांची जोडी सहसा कोणी टाकीत नाही हे खरे, पण समोर राजेच आहेत हे आपल्याला कोठे ठाऊक असते! उलट, भिडस्तपणे थांबावे आणि टर्नला (चौथ्या सामाईक पानाला) निरुपयोगी पान पडावे, की तोच ५४ चा हक्क ३३ च्याही खाली येतो. पुरुषार्थाने पान बदलत नाही. पुष्कळदा त्या पानाची गरज उरत नाही, एवढेच.

एकदा सर्व चिप्स मध्ये सरकल्या की करण्यासारखे काही राहत नाही. तेव्हा मुरलेला खेळाडू म्हणतो की, निर्णय बरोबर होता, निकालाशी मला कर्तव्य नाही. आणि मराठी वाचकाला लागलीच गीता आठवते. येथे माझी हरकत आहे. टिळकांनी १९१५ च्या ‘गीतारहस्या’त कर्माची योग्यता बाह्य परिणामावरून नव्हे तर कर्त्याच्या बुद्धीवरून ठरविली, आणि परिणामांचीच बेरीज मांडणाऱ्या मिलप्रभृती पंडितांचा चांगला समाचार घेतला. पोकरवाल्याची बुद्धी म्हणजे परिणामांच्या बेरजेशिवाय दुसरे काय आहे? एका डावाच्या फळाचा तो त्याग करतो तो दहा हजार डावांचे फळ वसूल करण्यासाठी, आणि पडद्यावर एकाच वेळी अनेक पट मांडता येत असल्यामुळे ही वसुली लवकर होईल असा त्याचा भरवसा असतो. लोकसंग्रहाची तर गोष्टच नको: एकाचा लाभ ती दुसऱ्याची हानी, आणि दोघांकडूनही चालकाची दस्तुरी. त्याची समता खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती मिळविण्यास मोठा निग्रह लागतो. पण ती सावकाराची समता आहे, स्थितप्रज्ञाची नव्हे.

शिवाय सरासरीचा आधार ज्याला पुनःपुन्हा खेळता येते त्यालाच. महाभारताच्या वनपर्वात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने व फळे धावत्या रथातून अंदाजाने सांगतो, द्यूतात राज्य गमावून त्याचा सारथी झालेला नल ती मोजून खातरजमा करतो, आणि अश्वविद्येच्या मोबदल्यात अक्षविद्या मिळताच त्याच्या देहातून कली बाहेर पडतो. एवढे शास्त्र हाती आल्यावर नलाने ते राज्य जिंकून घेतलेल्या पुष्कराला बोलावून हळूहळू, लहान लहान पणांनी राज्य परत जिंकायचे! त्याने तसे केले नाही. दमयंतीसह सगळे एकाच पणाला लावले, तो जिंकला, आणि तो पण हरला असता तर त्या विद्येला आपण काय म्हटले असते, या प्रश्नाच्या वाटेला कथाकार गेलाच नाही.