फलत्यागाचा अधिकार

गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची अधिष्ठान, कर्ता, करण, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव अशी पाच कारणे सांगितली आहेत, आणि ती विसरून जो स्वतःलाच एकमेव कर्ता समजतो त्याला यथार्थ दिसत नाही, असा निकालही तेथेच दिलेला आहे. या निकालाचा विचार करू लागलो की माझ्यापुढे कोणी ऋषी अथवा योद्धा न येता जीन फाउट ही बेसबॉल खेळणारी अमेरिकन स्त्री उभी राहते, याचे शास्त्रीमंडळींना नवल वाटेल. पण त्याला माझा इलाज नाही.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष खेळाडू सैन्यात भरती होऊ लागले, तेव्हा च्युइंगगमचे कारखानदार फिलिप रिग्ली यांनी १९४३ साली स्त्रियांची व्यावसायिक लीग स्थापन केली, आणि तीत आखूड झगा घालूनच मातीत घसरत खेळण्याची सक्तीही केली. पेनसिल्व्हेनियात जन्मलेली जीन १९४६ मध्ये साउथ बेंडच्या ब्लू सॉक्स संघात रुजू झाली. आरंभी तिसऱ्या बेसवर, पुढे पिचर म्हणून. १९५१ साली रॉकफर्डविरुद्ध तिने ओळीने २७ फलंदाज, एकीलाही पहिल्या बेसवर पाऊल ठेवू न देता, परत धाडले, आणि १९५३ मध्ये कॅलमझूविरुद्ध तोच पराक्रम पुन्हा केला. पुरुषांच्या मेजर लीगमध्ये असे दोनदा करणारा पिचर आजतागायत झालेला नाही.

या कर्माचा कर्ता कोण? चेंडू टाकणारा हात जीनचा, पण टोलवलेला चेंडू अडविणारे हात इतर आठजणींचे. त्यांतील एकीची ओंजळ सैल पडती, तरी सारे तेथेच संपते. त्यातून १९५१ पासून संघाचा व्यवस्थापक तिचाच पती कार्ल विन्श होता. त्याच्या कारभाराविषयी असंतोष वाढत जाऊन १९५२ च्या हंगामाअखेरीस सहाजणींनी संघ सोडला, उरलेल्या बाराजणींनी अजिंक्यपद राखले, आणि त्या असंतोषाची झळ जीनलाही लागली. ज्यांचे मन आपल्याविषयी कलुषित झाले आहे त्यांच्याच हातांनी आपले कर्म पूर्णत्वास जावे, याहून त्या सिद्धांताचे कठोर प्रत्यंतर मला ठाऊक नाही.

फलत्यागाची गोष्ट मात्र निराळी. विस्मृतीत गेलेल्या अशा माणसांना निष्काम कर्मयोगी ठरवून प्रवचनकार मोकळे होतात, ही सोय मला मान्य नाही. अर्जुनाचा राज्यावर हक्क होता, म्हणूनच त्याला आसक्ती सोडण्याचा उपदेश शोभला. ज्याच्या हक्काची नोंदच दप्तरी घेतली गेली नाही, त्याच्या उपेक्षेला वैराग्य म्हणणे हा आपल्या आळसावर चढविलेला अध्यात्माचा मुलामा होय.

१९५३ मध्ये लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान दुसऱ्यांदा मिळवून जीन निवृत्त झाली, आणि पुढच्याच वर्षी लीगही बंद पडली. कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयाने १९८८ साली स्त्रियांच्या बेसबॉलचे प्रदर्शन मांडले. २०२३ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, जीन वारली. त्या संस्थेच्या सन्मानितांच्या यादीत एकाही स्त्री-खेळाडूचे नाव अद्याप चढलेले नाही.